टायर रुंद केला की पकड वाढते?

चौपदरीकरणामुळे पालखी मार्गाचा बारामती ते इंदापूर हा टप्पा ऐसपैस झाला आहे. काटेवाडी ओलांडली की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होतो. जोरकस गाड्याही याच जिल्ह्यात बनल्या. रांजणगावच्या कारखान्यातली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली, चाकणहून पोलो जीटी निघाली आणि २०२२ पासून व्हर्टस जीटी निघते. अशी गाडी दारात आली की पहिला खर्च बहुतेक वेळा रुंद टायर आणि मोठ्या अलॉयवर होतो. तो करण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

पहिली समजूत अशी, की टायर रुंद असला की रस्त्याला जास्त रबर टेकतं. गाडीचं वजन १२०० किलो धरलं तर एका चाकावर साधारण ३०० किलो येतात. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला तर रस्त्याला टेकणारा भाग १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास निघतो. हवा तेवढीच ठेवून रुंद टायर बसवला तर हा भाग फारसा वाढत नाही. तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना त्याचा फायदा मिळतो, हे खरं आहे. पावसात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि तो कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग हलकं पडतं आणि गाडी ऐकेनाशी होते.

आणि आपल्याकडे रस्ता कोरडा, स्वच्छ कितीसा असतो? गाळप सुरू झालं की भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर अशा कारखान्यांकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. शेतातून वर आलेला ट्रॅक्टर काळ्या रानाचा चिखल चाकांना घेऊनच रस्त्यावर येतो. त्यावर पाचट सांडतं, वळणावर एखादी मोळी पडते. बाकीचे महिने हा पर्जन्यछायेतला पट्टा कोरडा असतो. धूळ, तेल आणि घासलेलं रबर रस्त्यावर साचत राहतं आणि जूनची पहिली सर पडली की त्याचा निसरडा थर होतो. ताशी १०० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर घर्षणांक ०.८ असताना गाडी साधारण ४९ मीटरमध्ये थांबते. तोच ०.५ वर आला तर ७९ मीटर लागतात. मधल्या ३० मीटरांत ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट मावतो. इंजिनाची ताकद इथे काही कामाची नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, की या भागात टायर निवडताना ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आधी बघावं आणि दिसणं सगळ्यात शेवटी. ओल्या काळ्या मातीवर मात्र रस्त्याचा कुठलाच टायर धरत नाही. तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय आहे.

व्हर्टस जीटीच्या टायरवर २०५/५५ आर१६ असं लिहिलेलं असतं. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के उंचीची साइडवॉल आणि १६ हा रिमचा इंचातला व्यास. साइडवॉलची उंची झाली सुमारे ११३ मिलिमीटर. त्याजागी २२५/४० आर१८ बसवला तर ती ९० वर येते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर फार चुकत नाही. पण गतिरोधकाचा आणि खड्ड्याचा मार झेलणारं रबर २३ मिलिमीटरने कमी होतं. साइडवॉलला फुगा येतो किंवा रिम वाकतो तो यामुळेच. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. त्याचं पंक्चर काढून भागत नाही, टायर बदलावाच लागतो.

मापापुढच्या अक्षरांबद्दलही बराच गोंधळ आहे. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. ही टायर किती वेग सोसेल याची मर्यादा आहे, तिचा पकडीशी थेट संबंध नाही. काही टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी झीज सावकाश. पण जास्त टिकाऊ रबर बहुधा कडक असतं, त्यामुळे पकड आणि टिकाऊपणा दोन्ही भरपूर देण्याचा दावा जपूनच ऐकावा. शिवाय हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही.

सगळ्यात घातक समजूत हवेबद्दलची आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवली तर टायर फुटत नाही, असं पंक्चरच्या दुकानापासून समृद्धी महामार्गाच्या टोलनाक्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सकाळी ३० अंशांना भरलेले ३३ पीएसआय टायर ६० अंशांपर्यंत तापल्यावर ३७-३८ होतात. कंपनी ही वाढ धरूनच टायर बनवते. हवा कमी असली तर प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल जास्त दबते, ती उष्णता आतच साठते आणि रबर व धागे एकमेकांपासून सुटू लागतात. लांब पल्ल्यावर, भरल्या गाडीत, चढ्या वेगात टायर जातो तो असा. म्हणून चालकाच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा टायर थंड असतानाच भरावी. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नुसता नायट्रोजन भरला तरी तापल्यावर तो जवळपास तेवढाच फुगतो. त्यात ओलावा नसतो आणि दाब थोडा सावकाश उतरतो, इतकाच काय तो फायदा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर आपल्याकडे ते बिनधास्त पुढे टाकतात. पुढच्या चाकांना ताकद मिळते, पुढचे टायर लवकर घासतात, म्हणून नवेही पुढेच, असा हिशोब. टायर कंपन्या मात्र नवे मागे टाकायला सांगतात. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. ओल्या वळणावर मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं सराईत हातांनाही अवघड जातं.

कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचांच्या तळाशी त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात. ते रबराच्या पातळीत आले की टायर गोटा झाला. पण नक्षी शाबूत असलेला टायरही म्हातारा होतो. बारामतीच्या उन्हात वर्षभर उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाडीचं रबर कडक होतं आणि साइडवॉलवर बारीक भेगा दिसू लागतात. साइडवॉलवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात घासाघीस सुरू करण्याआधी चारही टायरवरचे हे आकडे वाचावेत. सवलतीचा टायर तीन वर्षं गोदामात पडून होता की काय, ते तिथेच कळतं.