चीक वासराला, मग बाळाला का नाही?

भगिनींनो, गोठ्यात गाय व्याली की घरात किती लगबग होते ते आठवा. वासराचे नाक-तोंड पुसले जाते, गाय त्याला चाटते. ते उभे राहायची धडपड करू लागले की जाणता शेतकरी त्याला लगेच कासेला लावतो. वार पडायची वाट बघत नाही. चीक पोटात गेला नाही तर वासरू जगणे कठीण, हे त्याला पक्के ठाऊक असते. वासरू प्याल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस होतो.

आता त्याच घरात सून बाळंत झाली की काय होते? “पहिलं दूध जड असतं, पिळून टाक,” असे कोणीतरी सांगते. बाळाला मधाचे बोट चाटवतात, कुठे गुळाचे पाणी, कुठे गुटी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध पांढरे दिसू लागले की मग बाळाला अंगावर घेतात. म्हणजे जे वासराला दिले ते पोटच्या बाळाला नाकारले! सांगणाऱ्यांच्या मायेत खोट नसते. समजूत तेवढी चुकीची असते.

बाईचे पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजेच तिचा चीक. रोगाशी लढायची थोडी शिदोरी बाळ आईच्या पोटातूनच घेऊन येते. पुढची या चिकातून मिळते. तो चमचा-दोन चमचेच निघतो, म्हणून घाबरू नका. पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच इवले असते. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला आईच्या उघड्या अंगाशी धरून पाजावे. सिझेरियन झाले तरी आई-बाळाची प्रकृती ठीक असेल तर नर्सबाईंच्या मदतीने लवकरात लवकर पाजता येते. मध मात्र वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यातून घातक रोगाचे जंतू बाळाच्या आतड्यात वाढू शकतात.

पाजताना नीट टेकून बसा. बाळाचे पोट तुमच्या पोटाला लागलेले, डोके आणि पाठ एका रेषेत असू द्या. त्याने मोठा ‘आ’ केला की जवळ ओढा. नुसते बोंड तोंडात जाऊन भागत नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा आत जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. सारखे दुखत असेल तर बाळाने नीट धरलेले नाही असे समजा. स्वच्छ करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. बोंडाला चिरा पडतात त्या बहुधा अशा चुकीच्या धरण्यामुळेच.

रात्र धरून दिवसाला 8 ते 12 वेळा पाजावे लागते. “दूध पुरत नाही” ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण अंगावरचे दूध विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. उपसा चालू राहिला तर पाणी येत राहते, उपसा थांबला की झरा मंदावतो. वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते आणि आईचे दूध खरेच आटू लागते. दूध पुरते की नाही हे बाळाच्या लघवीवरून ओळखा. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळा ओले करत असेल, तर पोट भरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, साधारण दोन आठवड्यांत भरून येते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला गोठ्यातूनच माहीत आहे. म्हैस बिचकली की पान्हा चोरते. बाईचेही तसेच. टोमणे, भीती, जागरण यांनी पान्हा काही वेळ अडतो. बाळंतिणीला पोटभर भाकरी, डाळ, भाजी, तहानेला पाणी आणि निवांत झोप मिळू द्या.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. मे महिन्याच्या उन्हातही वर पाणी नको. दुधातच पुरेसे पाणी असते. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे चालते. सहा महिन्यांनी मऊ भात-वरण, कुस्करलेली भाकरी सुरू करा आणि दोन वर्षे व पुढेही अंगावर पाजा.

इथेच घरच्या मंडळींची खरी कसोटी आहे. नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतकऱ्याच्या सुनेची रजा घरच्यांनीच मंजूर करायची असते. खुरपणीला बाई कमी पडली म्हणून दोन महिन्यांची बाळंतीण रानात नेऊ नका. जावेच लागले तर बाळ बरोबर असू द्या. नाहीतर स्वच्छ हातांनी, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून गार जागी ठेवा. चार तासांच्या आत ते वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही आणि जुलाबाला वाट मिळते.

आशाताई बाळाच्या पहिल्या 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळ पिताना दाखवा. बाळ ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास धापेचा झाला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर उद्यावर न टाकता दवाखाना गाठा. आईच्या स्तनात दुखरी लाल गाठ येऊन ताप आला तरी डॉक्टरांना दाखवा, पण पाजणे थांबवू नका.

सासूबाईंनो, मामंजींनो, तुमच्या घरी पाळणा हलायचा असेल तर हे आजच बोलून ठेवा. कळा सुरू झाल्यावर कोणी ऐकत नसते. बाळाला पहिला घोट कसला द्यायचा, हे बाळंतपणाआधीच घरात ठरलेले असू द्या.