पुनःपुन्हा होणारे गर्भपात : सत्तर वर्षांचा मागोवा

परभणी जिल्हा अजून हैदराबाद राज्याच्या दप्तरात होता आणि मुंबई राज्यात सामील होण्यास एक वर्ष बाकी होते, त्या १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांचा गर्भ तिसरा महिना सुखरूप ओलांडूनही दर खेपेस चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास जातो, त्याचे कारण गर्भात नसून गर्भाशयाचे मुख फारशा कळांवाचून अकाली उघडते यात आहे, हे ओळखून गोव्यातील शिरोडे गावी जन्मलेल्या या शल्यविशारदांनी मांडीच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी त्या मुखाभोवती आवळण्याची तजवीज केली. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनल्ड यांनी सोपा टाका सुचविला, आणि ‘पिशवीला टाका घातला’ हे वाक्य पुढे मराठी घरांतून सर्रास ऐकू येऊ लागले.

टाक्याची कीर्ती मात्र त्याच्या उपयोगाहून मोठी झाली. टाका घालावा की न घालावा अशी डॉक्टरांनाच शंका होती, अशा १२९२ स्त्रियांच्या १९९३ सालच्या पाहणीत तेहतीस आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाण १७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले, इतकेच. शिवाय गळणाऱ्या गर्भांपैकी बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात; तेथे टाक्याचा काय इलाज!

तेथे औषधांचा अंमल सुरू झाला. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम संप्रेरकाचा काहीच लाभ नाही, हे शिकागोच्या चाचणीत १९५३ सालीच दिसले होते. तरीही ते दिले जात राहिले, आणि ज्या १९७१ साली शिरोडकर निवर्तले त्याच साली, ते घेतलेल्या मातांच्या तरुण मुलींत योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे बोस्टनच्या डॉक्टरांनी जाहीर केले. काहीतरी दिलेच पाहिजे, ही वैद्याची आणि घरच्यांची उतावीळ किती महाग पडते, याचा याहून विदारक दाखला मला ठाऊक नाही.

कारण नेमके हेरले तेव्हा मात्र यश आले. रक्तात गुठळ्यांना अनुकूल अशी विशिष्ट प्रतिद्रव्ये सापडलेल्या नव्वद स्त्रियांच्या १९९७ सालच्या लंडनच्या चाचणीत, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के, तर जोडीला हेपारिन दिल्यावर ७१ टक्के जिवंत अपत्ये जन्मली. तीच औषधे कारण न सापडलेल्यांना दिली, तर २०१० सालच्या डच चाचणीत फरक पडला नाही. कारण न सापडलेल्या ८३६ स्त्रियांच्या २०१५ सालच्या प्रोजेस्टेरॉनच्या चाचणीत तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे ६३ टक्के स्त्रियांना मूल झाले. परभणी जिल्ह्यातील जिंतूरच्या वा सोनपेठच्या ज्या सुनेला ‘हिच्या पोटी मूल टिकत नाही’ असे ऐकावे लागते, तिच्या कानी कोणत्याही इंजेक्शनाआधी हा आकडा पडावयास हवा.

आणि दोष तिचाच कशावरून? पहिल्या तिमाहीत गळणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचीच चूक असते, आणि काही जोडप्यांत ती पित्याकडूनही येते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तर पुरुषबीजातील जनुकांवरच्या रासायनिक खुणाही वारंवार गर्भ गमावणाऱ्या जोडप्यांत तपासल्या आहेत. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे आलेल्या अशा स्त्रीची प्रतिद्रव्यांची तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा व्हावी, आणि गुणसूत्रांच्या तपासणीची वेळ आली तर नवऱ्याचेही रक्त त्याच दिवशी घेतले जावे.