भिंतीआडचा भ्रमणध्वनी

अंगणात स्पष्ट बोलणारा भ्रमणध्वनी माजघरात येताच मुका का होतो? दोष नेहमी यंत्राचाच असतो असे नव्हे. मनोऱ्याकडून येणाऱ्या विद्युच्चुंबकीय लहरी भिंत ओलांडताना आपले बरेच बळ गमावतात. आपल्या ग्वाल्हेरात लष्कर भागातील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती त्यांना जशा अडवितात, तसेच नव्या इमारतींचे सळईचे काँक्रीटही अडविते. धातूचा पत्रा तर त्यांना परतवूनच लावतो.

लहरींची लांबीही पाहावी लागते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते, तर ३५०० मेगाहर्ट्झची सुमारे ९ सेंटिमीटर. सामान्यतः लांब लहरी भिंतीतून अधिक सुलभतेने पार होतात. म्हणून अंगणात वेगवान ५जी मिळाले, तरी ते आतल्या खोलीत पोचेलच असा नेम नाही.

यास्तव ‘शहरात कोणते नेटवर्क उत्तम?’ हा प्रश्न अपुरा होय. ‘माझ्या खोलीत कोणते?’ असे विचारावे. निरनिराळ्या कंपन्यांचे फोन असलेल्या आप्तांना घरी बोलवावे आणि दारे मिटून प्रत्येक खोलीतून बोलून पाहावे. तोच क्रमांक ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. घरी ब्रॉडबँड असल्यास अनेक फोनांवरून वाय-फायद्वारेही बोलता येते.

मध्यरात्री आजोबांना अस्वस्थ वाटले, तर डॉक्टरांना हाक त्यांच्या खाटेपासूनच पोचली पाहिजे. नेटवर्कची खरी परीक्षा तेथेच घ्यावी.