प्रश्नोत्तरांचा तास गेला

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कॉलेजात व्याख्यान होतं. फाटकावर ओळखपत्र मागितलं. बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी आत नेलं. विषय होता 'मुलाखतीची तयारी'. तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो निघाले, मुलांनी मोबाइलवर अभिप्राय भरले, आभार झाले. प्रश्न एकही विचारला गेला नाही. मला याचं फार वाईट वाटलं.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून भाषण ऐकायला जाणं हा आपल्याकडचा रिवाजच झाला. मधल्या शंभर वर्षांवर बरंच लिहिलं गेलं आहे. मी पाहिलं ते ऐंशीचं दशक, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं.

कॉलेजच्या वाङ्मय मंडळाची मुलंच वक्त्याला पत्र लिहीत. वक्ता एस.टी.ने येई, एखाद्या सरांकडे जेवे आणि मानधनाचं पातळ पाकीट घेऊन रात्रीच्या गाडीने परते. चौकातल्या फळ्यावर खडूने नाव लिहिलं की वकील, शिंपी, शाळामास्तर, बाजार उरकून आलेले शेतकरी, सगळे सभागृहात. फलटणचे प्राचार्य शिवाजीराव भोसले, वणीचे राम शेवाळकर ही नावं घरोघरी ठाऊक होती. नांदेडचे नरहर कुरुंदकर 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्यासपीठावरच गेले, त्या दिवशी आमच्याकडचे सर वर्गात रडले होते. गोविंद पानसऱ्यांचं 'शिवाजी कोण होता?' हे पुस्तकही मुळात व्याख्यानच.

खरी सभा सुरू व्हायची ती भाषण संपल्यावर. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या बाजूने बोलणाऱ्या एका वक्त्याला मुलांनी रात्री उशिरापर्यंत सोडलं नाही. आवाज चढले, बाकं सरकली. प्राचार्य मधल्या वाटेत येऊन उभे राहिले, पण सभा त्यांनी बंद केली नाही. विरोधात तावातावाने बोलणारा आमचा एक वर्गमित्र दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात आंबेडकरांचं पुस्तक मागत होता. कॉलेजने आम्हाला काय दिलं, असं कोणी विचारलं तर मी हीच रात्र सांगतो.

मग हे बदललं. महाराष्ट्राच्या 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद केल्या आणि मुलांचे प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. गुंडगिरीमुळे निवडणुका बदनाम झाल्या होत्या, हे खरंच. पण त्यांच्याबरोबर वक्ता ठरवणारी, त्यासाठी भांडणारी मुलंही गेली. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची स्थापनाही त्याच वर्षीची. तिच्या मूल्यांकनासाठी पुढे उपक्रमाचा पुरावा लागू लागला आणि कॉलेजांनी पुराव्यालाच उपक्रम मानलं. सेमिस्टर पद्धतीच्या परीक्षांनी संध्याकाळी खाल्ल्या. 2013 मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे नरेंद्र दाभोलकर आणि 2015 मध्ये पानसरे यांचे खून झाले. भीती व्यासपीठापर्यंत आली. माझ्या माहितीतल्या एका कॉलेजने निनावी फोन आल्यावर आदल्या रात्री वक्त्याचं नाव कापलं. त्या प्राचार्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

मुलं ऐकत नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. त्यांना विचारून वक्ता बोलावलाच जात नाही. प्राचार्यांनो, वर्षातून एक व्याख्यान मुलांच्या हाती द्या. वक्ता आणि विषय त्यांना ठरवू द्या, गावाला आत येऊ द्या, आणि भाषणानंतर पूर्ण एक तास प्रश्नांसाठी ठेवा.