कथालेखनाचे तंत्र : लेखांक ९
घरातले भांडण

कथेतले कौटुंबिक भांडण खरे वाटायचे असेल तर त्यामागचा जुना हिशेब लेखकाला पाठ हवा. कोणाचे शिक्षण थांबले, आजारपण कोणी काढले, कोणाच्या लग्नात किती खर्च झाला, गावी पैसे कोण पाठवत होते, याची घरातल्या प्रत्येकाच्या मनात एक वही असते आणि कोणाचीच वही दुसऱ्याच्या वहीशी जुळत नाही. वाचकाला त्यांतल्या एखाददुसऱ्या नोंदी दिसल्या तरी पुरतात.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वडील गेल्यावर विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात माणसे जमतात. दिवसकार्याच्या खर्चावरून बोलणे निघते आणि जुने सगळे वर येते. गावात राहून घर सांभाळणारा भास्कर, मुंबईत नोकरी करणारा सुधीर, शिक्षण अडलेली प्रभा, मुकाट राबणारा चंदू, यांपैकी कोणाचीही तक्रार खोटी नाही. तरी सगळ्यांचे समाधान होईल एवढे त्या वाड्यात उरलेलेच नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’मध्ये माणसे एकमेकांवर उघड तुटून पडतात. तो मार्ग वेगळा आहे आणि नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तेंडुलकरांची पकड नसेल तर हाती फक्त आरडाओरडा राहतो.

हिशेबाला काळवेळही असते. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क मिळाला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. पुढे २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत विवाहाची ही अट राहिली नाही. म्हणजे १९९० मध्ये लग्न झालेली थोरली आणि १९९६ मध्ये झालेली धाकटी, या सख्ख्या बहिणींचे हक्क मधली काही वर्षे सारखे नव्हते. कथा २००० साली घडत असेल तर भांडण भावाशीच होईल असे नाही. एवढा तपशील न पाहता लिहिलेली वाटणीची कथा जाणकार वाचकाच्या हातून दुसऱ्याच पानावर गळून पडते.

आता बोलण्याकडे. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली आहेत, भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आला आहे. बहिणीने “माझा हिस्सा द्या” म्हटले तर प्रसंग तिथेच संपतो. त्याऐवजी ती म्हणते, “सही कुठं करायची तेवढं सांग, दादा. आईच्या पाटल्या वहिनीच्या हातात छान दिसतात हं.” यात मागणी कसलीच नाही, पण बाण बरोबर लागतो. वहिनीही नणंदेला थेट उत्तर देत नाही. लेकीला हाक मारते : “पिंकी, आत्याला चहा विचार. आजी दवाखान्यात होती तेव्हा रात्री कोण बसायचं, तेही सांग तिला.” लेकी बोले सुने लागे ही आपल्या घरांची जुनी रीत. नवऱ्यावर रागावलेली बाई “सांग तुझ्या बाबांना” म्हणून पोराला मध्ये घालते ती याच वळणाने. पात्रे समोरासमोर उभी राहून मनातले सगळे नीट मांडू लागली की संवादाला वकिली नोटिशीचा वास येतो.

माघारीलाही कारण लागते. बहीण सही करते ती भाऊ बरोबर वाटला म्हणून करतेच असे नाही. माहेर तुटू नये, दिवाळीला जायला एक दार असावे, ही तिची निकड असू शकते. ती आधीच्या पानांत कुठेतरी पेरलेली हवी, नाहीतर सही लेखकाच्या सोयीसाठी झाल्यासारखी दिसते.

शेवटी सगळ्यांना गळ्यात गळे घालायला लावण्याचा मोह टाळणे बरे. वाटणी झाली तरी विहीर सामाईक राहते, मोटार एकच असते आणि पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात. विजेचे बिल कोणी भरायचे यावरून दोन्ही घरांत पुढच्या महिन्यात पुन्हा बोलणे होणारच असते.