एक्सोसोम: रक्तपेशीपासून कुपीपर्यंत

१९८३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या दोन प्रयोगशाळांनी, अपरिपक्व लाल रक्तपेशी सूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात, हे मांडलं. रोझ जॉनस्टोन यांनी १९८७ मध्ये त्यांना एक्सोसोम म्हटलं. पुष्कळ काळ हा पेशींनी फेकलेला कचराच समजला गेला. पुढे कळलं, की ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पिशव्या प्रथिनं आणि आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे पोचवतात.

आज ठाण्यात आणि डोंबिवलीत केसगळती, मुरुमांचे खड्डे, चेहऱ्याचा तजेला यांसाठी एक्सोसोमची जाहिरात दिसते. त्याआधी इथे पीआरपी रुळलं होतं. त्यात रुग्णाचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटयुक्त भाग टाळूत टोचतात. रक्त कुणाचं, हा प्रश्नच नसतो. एक्सोसोम मात्र बंद कुपीत येतात. काही मानवी मूळपेशींपासून काढलेले, काही गुलाबाच्या पेशींपासून, काही सामन माशापासून. खरा बदल इथेच झाला, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जाहीर इशारा दिला. नेब्रास्कात एक्सोसोम म्हणून विकलेली, मान्यता नसलेली उत्पादनं दिलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. युरोपीय संघात तर मानवी पेशींपासून बनलेले घटक सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदीच आहे. कोरियात मात्र एक्सोसोमची त्वचा-उत्पादनं जोमात वाढली. त्यातली बरीचशी वरून लावण्यासाठीची.

वरून लावणं आणि आत जाणं यात मोठं अंतर आहे. मायक्रोनीडलिंगच्या सुया त्वचेत हजारो बारीक छिद्रं पाडतात. त्यावर लावलेलं द्रव्य केवळ प्रसाधन राहत नाही. ते निर्जंतुक नसेल तर संसर्ग थेट आत जातो. अमेरिकेतल्या अल्बुकर्कमधल्या एका स्पात सुया आणि रक्ताची हेळसांड झाली आणि तीन महिलांना एचआयव्हीची लागण झाली. तिथे पीआरपी वापरलं होतं, एक्सोसोम नव्हे. धोक्याची वाट मात्र तीच.

भारतात २०१९ च्या नव्या औषध नियमांनुसार, औषध म्हणून वापरायचं मूळपेशीजन्य उत्पादन कायम ‘नवं औषध’ ठरतं, म्हणजे चाचण्या आणि परवानगी आलीच. एक्सोसोमवरचे अभ्यास मात्र बहुतेक थोड्या रुग्णांचे आणि काही महिन्यांपुरते आहेत. केस दाट झाल्याच्या नोंदी आहेत, त्या नाकारायचं कारण नाही. पण पाच-दहा वर्षांनी काय होतं, हे त्यांतून समजत नाही.

दवाखान्यात कुपीचं लेबल, उत्पादकाचं नाव आणि बॅच क्रमांक मागून त्याचा फोटो घेणं, हा रुग्णाचा हक्क आहे. त्रास झालाच तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो; तेव्हा बॅच क्रमांक हाताशी असलेला बरा.