आतड्यातील अडथळा आणि जाळीची नळी



पाटचारीत गाळ धरला की पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते आणि कुठेतरी बांध फोडते. पोटाचेही तसेच आहे. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ आतून वाढली म्हणजे वाट अरुंद होत जाते व एके दिवशी बंदच पडते. शौचास होत नाही, वारा सरत नाही, पोट ढोलासारखे फुगते, कळा येतात, पुढे उलट्या. अशा वेळी घरची मंडळी "पोट साफ नाही" म्हणून एरंडेल पाजतात. कृपा करून पाजू नका. वाट बंद असताना जुलाब दिला तर दाब वाढून आतडे फुटू शकते. तोंडाने काहीएक न देता माणसाला सरळ दवाखान्यात न्यावे.

पूर्वी अशा रोग्याचे पोट घाईघाईने उघडावे लागे व बहुधा पोटावर शौचाची पिशवी येई. आता काही रोग्यांना स्टेंट बसवता येतो. स्टेंट म्हणजे निकेल व टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची जाळीदार नळी. दुर्बिणीची लवचिक नळी गुदद्वारातून आत नेतात, एक्स-रेवर पाहत अडथळ्यातून बारीक तार सरकवतात आणि तिच्यावरून मिटलेली जाळी गाठीत नेऊन सोडतात. ती आपोआप उमलते. पूर्ण उघडायला एक-दोन दिवस लागतात.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जाळीने वाट मोकळी होते, कॅन्सर जात नाही. डॉक्टरांना आधीच विचारा, "साहेब, ही ऑपरेशनपर्यंत दम मिळावा म्हणून, की ऑपरेशन होणार नाही म्हणून?" दोन्ही कारणे रास्त आहेत, पण घरच्यांना ते ठाऊक हवे. आतडे आधीच फुटले असेल, गाठ गुदद्वाराला अगदी लागून असेल किंवा अनेक ठिकाणी अडथळे असतील तर जाळीचा उपयोग नाही. तेव्हा पिशवी लागली तर लाजू नये; पिशवीवाली माणसे शेती करतात.

जाळी सरकू शकते, गाठ तिच्यातून वाढून पुन्हा वाट अडवू शकते, क्वचित आतडे फुटते. केमो देणाऱ्या डॉक्टरांना जाळीचे आवर्जून सांगावे, कारण काही औषधांनी हा धोका वाढतो. जेवण मऊ ठेवावे: खिचडी, वरण-भात, ताक. कळण्याची भाकरी आणि भरीत यांचा मोह खानदेशी माणसाला आवरणे कठीण, पण बिया, साली, रेषा असलेले पदार्थ डॉक्टरांना विचारूनच. मल घट्ट होऊ देऊ नये.

खर्चाचे म्हणाल तर, सरकारची जीवनदायी योजना धुळे जिल्ह्यात 2012 साली, जळगावात 2013 साली आली. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. हा उपचार योजनेत बसतो का, ते त्यालाच विचारावे. परळच्या टाटा रुग्णालयात जायचे झाल्यास कॅन्सरच्या रोग्याला व एका सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. शिधापत्रिका, आधार, तुकडा तपासणीचा अहवाल आणि स्कॅनच्या फिल्म एकाच पिशवीत ठेवाव्यात.